सहावा चमचा

गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४

रिया,

हे पत्र तुझ्या आईकडे, बायजाकाकूंकडे, देते आहे. दर रविवारी त्या मुरबाडला तुला भेटायला येतात, असं परवा कशेळ्याच्या बाजारात त्यांनीच सांगितलं. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस. त्यात तुझं काही चुकलं नाही. मला एक वेगळंच विचारायचं आहे, आणि मुलाखत देऊन नोकरी लागलेली आपल्या बॅचमधली माझ्या ओळखीची तू एकटीच आहेस.

मुलाखतीत त्यांना नक्की काय हवं असतं?

माझं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अखेर आलं. बाबांच्या आजारपणात कागद मागे पडले, म्हणून तुझ्यापेक्षा सहा महिने उशीर झाला. मंगळवारी मोहोपाड्याला एका हॉस्पिटलात गेले होते. चार जागा आणि आम्ही एकतीस जणी. जिन्यावर रांग होती. सगळ्यांकडे तीच चेनवाली फाईल, सगळ्यांचे केस तसेच चापून बांधलेले. माझ्या पुढची मुलगी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. मला वाटलं औषधांचे डोस पाठ करते आहे. पण ती ‘माझं नाव, माझं गाव, माझे छंद’ पाठ करत होती.

आधी लेखी पेपर झाला. सलाईनचे थेंब मोजायचं गणित होतं, ते तू शिकवलेल्या रीतीने सोडवलं. मग आत तिघे बसले होते. मधले सर म्हणाले, “स्वतःबद्दल सांगा.” मी नाव, गाव आणि कोर्स सांगितला. ते वाट बघत राहिले.

“आणि?”

“आणि काही नाही, सर.”

ते हसले. वाईट हसले नाहीत. मग बाजूच्या मॅडमनी विचारलं, “कामात तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा.” हा प्रश्न सगळ्यांना येतो म्हणे, जिन्यावर मुली तेच बोलत होत्या. मी सांगितलं, माझ्या हातून थर्मामीटर पडून फुटला होता.

“हा सकाळपासूनचा सातवा थर्मामीटर,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या कॉलेजात एखादा शिल्लक आहे का हो?”

तिघेही हसले. मलाही थोडं हसू आलं. पण येताना एसटीत तोच विचार करत होते. खरी चूक सांगितली तर नोकरी कोण देईल? आणि खोटी सांगितली तर त्यांना कळतं तरी काय? तरी प्रत्येक ठिकाणी विचारतात. का विचारत असतील? तुला विचारलं होतं का? तू काय सांगितलं होतंस?

अजून एक. सरांनी विचारलं, पास झाल्यावर इतके महिने काय केलं. मी म्हणाले, वडील आजारी होते. त्यांनी विचारलं, “आता कसे आहेत?”

मी म्हणाले, “बरे आहेत.”

असं का म्हणाले, ते माझं मलाच कळलेलं नाही.

आई ठीक आहे. सकाळी उठली की बाबांच्या फोटोपुढे पाण्याचा तांब्या भरून ठेवते आणि संध्याकाळी ते पाणी कढीपत्त्याला घालते. ‘माझा माणूस तहानलेला गेला,’ एवढंच कुणी आलं की सांगते. काल दिवाळीआधीचं आवरायला काढलं होतं. लग्नातल्या सहा चमच्यांपैकी पाचच निघाले. सहाव्यासाठी तिने सगळं फडताळ उपसलं. मी भांडी पुसत होते.

विनिता


बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

रिया,

तुझं उत्तर येईल असं धरलं नव्हतं. तरी बाजारात काकूंच्या भाजीपाशी जरा जास्त वेळ उभी राहिले. त्या म्हणाल्या, “वाचलं गं तिनं. घडी घालून डब्यात ठेवलं. बोलली काय नाय.” मग मेथीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाल्या, “तुमी दोघी एका ताटात जेवायच्या. आन आता मला पोस्टमन केलाय. पोस्टमनला निदान सायकल असती, मी जीपच्या मागच्या फळीवर बसून जाते.”

आमच्याकडे यंदा दिवाळी नव्हती. शेजारच्यांनी फराळ आणून दिला. आईने चिवड्याला हात लावला नाही, मी खाल्ला.

दहिवलीच्या एका नर्सिंग होममध्ये जाऊन आले. दहाच खाटा आहेत. मुलाखत डॉक्टरांनी घेतलीच नाही, त्यांच्या मिसेसनी घेतली. त्यांनी आधी विचारलं, लग्न कधी करणार. मग, काउंटरवर बसून केसपेपर काढता येतील का. तेवढ्यात आत एक पोर रडायला लागलं आणि त्या म्हणाल्या, “ये गं, धर जरा याला.” मी त्याला मांडीत घेऊन दंड आणि पाय धरले, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. पोर माझ्या ओढणीला नाक पुसून गप्प झालं. बाहेर आल्यावर मॅडमचा आवाज बदललेला होता. खरी मुलाखत ती होती, खुर्चीवरची नव्हे. हे मला आवडलं.

चूक त्यांनीही विचारली. थर्मामीटर पुन्हा सांगायची लाज वाटली. म्हणाले, एकदा चार्टवर दुसऱ्याच बेडचा नंबर लिहिला होता.

“लक्षात कुणी आणून दिलं?”

“मैत्रिणीने.”

हे खरं होतं. तुला आठवत असेल.

मग त्यांनी अटी सांगितल्या. मूळ सर्टिफिकेटं दोन वर्षं त्यांच्या कपाटात ठेवायची. मी म्हणाले, विचार करून सांगते. त्या म्हणाल्या, “कर विचार. पण आम्हीसुद्धा चौकशी करतो हं. मागच्या महिन्यात एक आली होती, मुरबाडहून. हात फार चांगला होता तिचा. पण आधीच्या हॉस्पिटलने अनुभवाचं पत्रच दिलेलं नाही. फोन केला तर म्हणे तिच्यावर तक्रार आहे, पेशंट गेला. मग कोण ठेवणार?”

मी विचारलं, कुठलं हॉस्पिटल.

“खालापूरच्या रस्त्याला आहे ना, ते पिवळं.”

रिया, मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं तू आपणहून सोडलंस. काकूंनी मेडिकल दुकानात बसतेस एवढंच सांगितलं होतं. मी तक्रारीत तीन ओळी लिहिल्या होत्या. पहिली, ड्युटीवरची नर्स जागेवर नव्हती. दुसरी, वडील पाणी मागत होते, त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही. तिसरी, तिच्या निष्काळजीपणामुळे आमचा माणूस गेला. आई ऑफिसच्या दारात बसून रडत होती आणि तिथल्या माणसाने कागद पुढे केला. तो म्हणाला, नर्सचं नाव लिहा. मी नाव लिहिलं. वाटलं, कागद आहे, फायलीत जाईल.

काल त्याच पिवळ्या हॉस्पिटलातून मला फोन आला. खालच्या वॉर्डात एक जागा रिकामी आहे आणि माझा अर्ज त्यांच्याकडे मेपासून पडून आहे. शुक्रवारी, बावीस तारखेला बोलावलं आहे.

ती जागा कुणाची, हे तुला सांगायला नको. मी जाणार आहे. कशासाठी, ते अजून ठरलेलं नाही.

विनिता


शनिवार, २३ नोव्हेंबर २०२४

रिया,

काल जाऊन आले. पत्र मोठं होईल.

बाकी कुणी मुलाखतीला नव्हतं. मॅट्रन उज्वला सिस्टर एकट्याच होत्या. त्यांच्या टेबलावर माझी फाईल आणि खाली आणखी एक जाड फाईल होती. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “तू श्रीपतरावांची मुलगी.”

“हो.”

“आणि तुला इथे नोकरी हवी.”

“हो.”

“चल.”

त्यांनी मला वॉर्डात नेलं. चार नंबरचा बेड रिकामा होता, बाबांचाच. चादर नवी होती. शेजारच्या ट्रॉलीवर त्यांनी वाटीत पाणी, एक चमचा, कापसाचे बोळे असं आधीच मांडून ठेवलेलं होतं. रिकाम्या उशीकडे बोट करून म्हणाल्या, “साठ वर्षांचा पेशंट. अर्धांगवायूचा दुसरा झटका. गिळता येत नाही. पलंगाला पाटी आहे, तोंडाने काही देऊ नये. पाणी मागतोय. बायको रडतेय. तुझ्याकडे अजून अकरा पेशंट आहेत. सांग, काय करशील?”

मी सांगितलं. डोक्याची बाजू उंच करीन. ओल्या बोळ्याने ओठ आणि जीभ पुसून घेईन, म्हणजे कोरड कमी होते. पाणी श्वासनळीत कसं जातं ते नातेवाइकांना समजावीन. मग वाटी आणि चमचा तिथून उचलीन. नोंद करीन.

“चमचा का उचलायचा?”

“नातेवाईक देतात पाणी.”

“समजावल्यावरसुद्धा?”

“समजावल्यावरसुद्धा देतात,” मी म्हणाले. “नातेवाईक नर्स असली तरी देते.”

हे बोलायचं मी ठरवून गेले नव्हते. सिस्टर त्या रिकाम्या बेडवर बसल्या. ड्युटीवर बेडवर कधी बसायचं नाही, हे ट्रेनिंगच्या वेळी आपल्याला त्यांनीच शिकवलं होतं. म्हणाल्या, “बोल.”

त्यांना जे सांगितलं ते तुला लिहिते. अर्धं तुला माहीत असेल. किती माहीत आहे, तेच मला कळत नाही.

भेटायची वेळ सुरू झाली होती, चार वाजून गेले होते. आई खाली चहा आणायला गेली होती. तू आम्हाला दोनदा समजावून सांगितलं होतंस, आणि दुसऱ्यांदा सांगताना माझ्याकडे बघून म्हणाली होतीस, “तुला काय सांगायचं, तू पण शिकलीयेस.” मग सात नंबरच्या मुलीला फिट आली आणि तू तिकडे धावलीस. तेव्हा बाबा म्हणाले, “विनू, पाणी.” चार दिवसांत त्यांचा पहिला स्पष्ट शब्द. मला सगळं माहीत होतं, रिया. पेपरात हाच प्रश्न आला होता, मला त्यात दहापैकी नऊ होते. तरी मी आईच्या डब्यातला चमचा घेतला आणि बाटलीतलं पाणी दिलं. पहिला चमचा त्यांनी गिळला. गळा हललेला मी पाहिला. एवढं बरं वाटलं मला की मी दुसरा दिला.

दुसऱ्याला ठसका लागला. मी तुला हाक मारली. तू आलीस, घशातलं ओढून घ्यायला सक्शन लावलंस, डॉक्टरांना बोलावलंस. तू बाबांच्या ओल्या कॉलरकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. विचारलं काहीच नाहीस. नंतर मी चमचा शोधला तर तो तिथे नव्हता. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना, तसं त्याच्यावर आईचं नाव घातलेलं आहे, ‘चंद्रभागा’. कुणालाही सापडला असता तर कुणाचा ते लगेच कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. आई दारात बसून ओरडत होती, “पानी पन नाय दिला माज्या मानसाला.” तिला ‘मी दिलं’ म्हणून सांगायला माझं तोंड उघडलं नाही. कागद पुढे आला, तेव्हा आई जे ओरडत होती तेच मी लिहिलं.

मी सिस्टरना विचारलं, दोन चमच्यांनी बाबा गेले का.

त्या म्हणाल्या, “ते मी सांगू शकत नाही. डॉक्टरसुद्धा सांगू शकणार नाहीत. छातीत कफ आधीपासून होता. असेलही, नसेलही. ते तुला घेऊनच राहायला लागेल.”

मग जाड फाईल उघडून त्यांनी तुझी त्या दिवसाची नोंद वाचून दाखवली. ‘सव्वाचार वाजता ठसका. सक्शन केले. डॉक्टरांना कळवले.’ बस, एवढंच. माझं नाव नाही, पाणी नाही. “मी तिला तेव्हाही विचारलं होतं,” सिस्टर म्हणाल्या. “मी म्हटलं, ठसका आपोआप लागला का गं? तर खाली बघून उभी. तक्रार आली तेव्हाही तशीच उभी. तोंड उघडलं असतं तर मला तिला ठेवता आलं असतं.”

त्यांनी कोरा कागद दिला. “बोललीस ते लिही. तारीख घाल.” या वेळी दीड पान झालं. खाली सही केली, त्यांनी शिक्का मारला आणि एक प्रत मला दिली. ती यासोबत आहे. तुझं अनुभवाचं पत्र त्या पुढच्या आठवड्यात काढणार आहेत.

उठताना मी विचारलं, माझी मुलाखत झाली का.

“जागा आधी जिची होती तिला मी फोन करणार,” त्या म्हणाल्या. “ती नाही म्हणाली तर तुझा विचार करीन. विचार करीन म्हटलं, घेईन म्हटलेलं नाही. आणि कुठेही लागलीस तरी आपल्या माणसाच्या पलंगाशी नर्स म्हणून उभी राहू नकोस. तिथे आपण नातेवाईकच असतो.”

बाहेर आल्यावर गेटपाशी बराच वेळ रिक्षा मिळाली नाही. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण डोक्यात एकच प्रश्न फिरत होता, आणि तोच तुला विचारते. चमचा तू पाहिला होतास का? पाहिला असशील तर लिहिलं का नाहीस? मी तुझं नाव लिहिलं, आणि तुझ्याजवळ माझं नाव होतं. तू ते का नाही लिहिलंस?

रागाने उत्तर दिलंस तरी चालेल.

विनिता


रविवार, ८ डिसेंबर २०२४

रिया,

काकू आज मुरबाडहून परतताना आमच्या घरी आल्या होत्या. वर्षात पहिल्यांदा. आई अंगणात वाल निवडत होती. तिने पाट दिला आणि पुन्हा वाल निवडायला लागली. काकूंनी कमरेची पिशवी सोडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू माझ्या हातात दिली. वर दोरा बांधलेला होता. हातात घेताच कळलं.

मी विचारलं, “काय म्हणाली?”

“मी म्हनलं, चिठ्ठी दे, तर म्हनली नको. एवढंच सांग म्हनली. तवा लिवलं असतं तर हिचं रजिस्टेशन आलं नसतं. हिचे कागद तवा मुंबईला कौन्सिलातच होते.” काकूंनी माझ्याकडे बघितलं. “मला काय समजलं नाय त्यातलं. तुला समजलं का?”

“समजलं.”

“मंग झालं. आन ऐक. मॅट्रनबाईचा फोन आलता. सोळा तारखेपासून जाते ती कामावर, तिच्याच जागेवर.”

मी म्हणाले, बरं झालं. हे मी मनापासून म्हणाले, पण लगेच म्हणाले नाही. मधे एक श्वास गेला. तेही तुला खरं सांगते.

दोऱ्याची गाठ सुटत नव्हती. आईने तिथूनच वस्तू ओळखावी तसं बघितलं आणि म्हणाली, “काय हाय ते?” मी चमचा तिच्या हातात दिला. तिने नाव अंगठ्याने पुसून वाचलं.

“कुठं गावला?”

“रियाकडे होता.”

“तिच्याकडं कसा?”

काकू उठायला लागल्या. मी त्यांना बसा म्हणाले. मग आईला सांगितलं. तुला लिहिलं त्यापेक्षा थोडक्यात सांगितलं. वाल तिच्या मांडीत तसेच होते.

मग तिने विचारलं, “किती दिलंस?”

“दोन चमचे.”

“गिळला का तेनी?”

“पहिला गिळला.”

“पयला गिळला,” आई म्हणाली. मग काकूंकडे वळून पुन्हा म्हणाली, “पयला गिळला म्हनती.” काकूंनी मान हलवली. दुसऱ्याबद्दल आईने विचारलं नाही. तिला कळलं नाही असं नाही. ती उठली, चमचा राखेने घासला, धुतला आणि आत नेऊन पाचांत ठेवला. बाहेर येऊन काकूंना म्हणाली, “तुज्या पोरीला मी दवाखान्याच्या दारात शिव्या दिल्या. समद्यांसमोर.”

“आयकल्यात तिनं,” काकू म्हणाल्या.

त्यानंतर दोघी वाल निवडत बसल्या. माझ्याशी आई अजून बोललेली नाही. जेवायला वाढलं, तेवढंच. किती दिवस बोलणार नाही ते मला माहीत नाही, आणि मी विचारणारही नाही. काकू जायला निघाल्या तेव्हा संध्याकाळ झाली होती. फोटोपुढचा तांब्या आईने नेहमीसारखा कढीपत्त्याला ओतला, घासला, आणि फळीवर पालथा घातला.

मोहोपाड्याहून निरोप आला आहे. लेखी पेपरात मार्क चांगले आहेत, गुरुवारी पुन्हा बोलावलं आहे. तेच तिघे असतील. त्यांना सांगणार आहे की थर्मामीटर मी फोडलेला नव्हता. आणि माझे वडील बरे झालेच नाहीत, नऊ जुलैला गेले. चूक विचारली तर खरी सांगणार. पुढे काय होतं ते बघू. नोकरी नाही मिळाली तर दहिवली आहे, पण सर्टिफिकेटं कपाटात ठेवायला द्यायचा विचार नाही. त्यावरचं रजिस्ट्रेशन कुणामुळे आलं आहे ते आता मला माहीत आहे.

काकूंना जीपपर्यंत सोडायला गेले, तेव्हा आई मागून आली. माझ्याकडे न बघता काकूंना म्हणाली, “सोळा तारखेला सकाळी मी येते तिकडं. गेटपाशी थांबते. त्या पोरीला सांग.” मग म्हणाली, “नायतर इचार तिला आदी.”

म्हणून विचारते. सकाळची ड्युटी सातची असेल. आम्ही पावणेसातला आलो तर चालेल का? आईला एकटीला जीप बदलून यायला जमत नाही, म्हणून मी बरोबर असेन. मी गेटपासून लांब थांबेन. तुला नको असेल तर काकूंजवळ तेवढंच सांग, मी आईला समजावीन.

विनिता